एकतिसाव्या पानावरची कडी

मित्रांनो, कडी म्हटले की तुम्हाला वाटते, हिच्याजवळ सांगण्यासारखे काय असणार? पुढे सरकायचे, मागे सरकायचे, संपले. पूर्वी मलाही तसेच वाटे. मी एक जुनी पितळेची कडी आहे, वीतभरही लांब नाही. मला चार स्क्रू होते. त्यातला एक हरवला आणि त्याच्या जागी लोखंडी आला, तो मला अजून खुपतो. अकरा वर्षे मी एका मालिशच्या दुकानाच्या दाराला होते. त्या दुकानाची आणि त्याच्या मालकिणीची हकिकत मी सांगणार आहे. तिच्यात हसण्यासारखे थोडेच आहे, हे आधीच सांगून ठेवते.

चीनच्या दक्षिणेला श्याओलान नावाचे गाव आहे. तिथे जिकडेतिकडे कुलपे आणि कड्या बनतात. माझे पितळ तिथेच ओतले गेले. एका मुलीने मला कानशीने घासले, दुसरीने चाकावर धरून चकाकी आणली. तिसरीने मला दहा वेळा मागेपुढे केले आणि शेजारणीला म्हणाली, "ही चांगली सरकते हं." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. मग मला खोक्यात घालून जहाजात चढवले, आणि पुष्कळ दिवसांनी मी लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या एका गावात, हार्डवेअरच्या दुकानातल्या टोपलीत येऊन पडले. तिथे माझी तीन वर्षे धूळ खात गेली. लोक यायचे, मला उचलून बघायचे आणि माझ्याहून स्वस्त लोखंडी कडी घेऊन जायचे.

एक दिवस एक बाई आली. तिचा डावा हात फडक्याने गळ्यात बांधलेला होता. उजव्या हाताने तिने टोपली चाळली आणि मला उचलले. तिने मला हातावर तोलून बघितले, एकदा सरकवले आणि मान हलवली. तिचे नाव युफेन.

युफेन शेनयांगची. तिकडे हिवाळ्यात नाकातला श्वाससुद्धा गोठतो म्हणे. तिची सूतगिरणी बंद पडली आणि चाळिशीत ती इकडे आली. पाचशे तासांचा वर्ग करून ती मालिशचे काम शिकली. परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. मग एका ओळीतल्या दुकानांत, नखे रंगवणाऱ्या बाईच्या आणि चष्मेवाल्याच्या मधोमध, तिने स्वतःचे छोटे दुकान काढले. त्यात दोन खाटा, एक बाक आणि भिंतीवर चौकटीतला परवाना एवढेच होते. परवान्यावर तिचा फोटो होता. फोटोत ती अशी घाबरलेली दिसते, की कुणी तिला पकडूनच आणले असावे.

हा परवाना तिला ज्यांनी मिळवून दिला ते तुंग मास्तर. ते हार्बिनला शाळेत भूगोल शिकवीत. इकडे त्यांचा भूगोल कुणाला नको होता. तेव्हा त्यांनी मांडीवर शब्दकोश घेऊन नगरपालिकेचे मालिशच्या दुकानांसाठीचे चोपन्न पानांचे नियम वाचून काढले. दार केवढे हवे, दिवा किती उजेडाचा हवा, धुतलेल्या चादरी कुठल्या कपाटात आणि मळलेल्या कुठल्या झाकणाच्या डब्यात, सगळे त्यांना तोंडपाठ होते. गावातल्या एकोणीस मालिशवाल्यांचे परवाने त्यांच्या जिवावर चालत.

मित्रांनो, एवढे नियम कशाला, असे तुम्ही विचाराल. काही दुकानांत मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालत आणि परदेशांतून आणलेल्या बायकांना आत कोंडून ठेवत. म्हणून नियम आले. आतल्या कुठल्याही खोलीला कडी नको, काचेला पडदा नको, पुढचे दार कामाच्या वेळेत उघडे हवे. नियम चांगल्यासाठीच होते, हे मी स्वतः कडी असूनही कबूल करते. त्या बायकांना कोंडायला माझ्याच जातीच्या कड्या वापरल्या होत्या. आमच्या घराण्याला तो डाग आहेच.

पण युफेन दुकानात एकटी असायची. एका दुपारी एक माणूस उघड्या दारातून सरळ आत शिरला. त्याने तिचा हात पिरगाळला, तिला भिंतीवर ढकलले आणि तिची पिशवी घेऊन गेला. मालिश करणारीचे मनगट गेले तर तिचे सगळेच गेले. नशिबाने हाड मोडले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने मला विकत घेतले आणि मास्तरांना बोलावले.

"मास्तर, मला दाराला कडी लावायचीय."

"लाव की. आणि तो परवाना काढून आत्ताच माझ्याकडे दे. नाहीतरी तो काही तुझ्याकडे राहणार नाही."

"थट्टा नका करू. तो परत आला तर मी काय करू? पाय धरू त्याचे?"

मास्तर तिच्या गळ्यातल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी बगलेतले बाड काढले आणि थुंकी लावून पाने उलटली. "एकतिसावं पान. नीट ऐक. ज्या दुकानात मालक स्वतः एकटाच काम करतो आणि दुसरं कुणीही काम करत नाही, त्याला पुढचं दार आतून बंद ठेवता येईल. कळलं? एकटी. तुझे दोन हात. तिसरा हात दुकानात कामाला दिसला, की ही कडी गुन्हेगार. आणि कडीबरोबर तूही."

"तिसरा हात आणू कुठून?" युफेन हसली. "मला आहेच कोण इथे? एक ताई, ती समुद्रापलीकडे."

मास्तरांनी स्वतःच्या हाताने मला दाराला बसवले. दार लाकडी होते आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागात काच होती. गिऱ्हाईक आले की युफेन काचेतून बघायची, ओळखीची मान हलवायची आणि मला मागे घ्यायची. गिऱ्हाईक आत आले की मला पुढे सारायची. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तिचा तेलकट अंगठा माझ्यावरून फिरायचा. माझी तीन वर्षांची धूळ केव्हाच गेली, मी आरशासारखी चकचकीत झाले. पहिल्या महिन्यात दारावर सावली पडली तरी ती दचकायची. हळूहळू ते थांबले. एकदा नखे रंगवणाऱ्या बाईने विचारले, "दिवसभर एकटी बसतेस, भीती नाही वाटत?" तेव्हा युफेन माझ्यावर टिचकी मारून म्हणाली, "ही आहे ना." मित्रांनो, मी साधी कडी आहे, पण त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. तो अजून उतरला नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मास्तर खोटी तपासणी घ्यायला यायचे. डोक्यावर टोपी घालून दार ठोकायचे आणि आत आले की युफेनला ओळखच द्यायचे नाहीत. कपाटे उघडायचे, डब्यात नाक खुपसायचे, दरपत्रक सरळ आहे का ते बघायचे.

"तुमच्या इथे दुसरं कोण काम करतं?" ते जाड आवाजात इंग्रजीत विचारायचे.

"मी एकटीच काम करते. हा माझा परवाना," युफेन पाठ केलेल्या इंग्रजीत म्हणायची.

"आणि हे काय? भाताचा कुकर? नियम काय सांगतो? दुकानात स्वयंपाक नाही, झोपणं नाही! कुकर दिसला की बाई इथेच राहते असं लिहितील!"

"मास्तर, त्यात तुमच्यासाठीच आंबट कोबीचे मोदक गरम ठेवलेत."

मग मास्तर टोपी काढायचे, घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "तपासणी संपली. कुकर उद्यापासून घरी." तो उद्या कधी उजाडला नाही. खरी तपासणी वर्षातून एकदा असे. तिच्या आदल्या दिवशी मात्र कुकर शेजारी चष्मेवाल्याकडे मुक्कामाला जायचा. खऱ्या तपासणीला नगरपालिकेच्या ओर्तेगाबाई येत. त्या हसत नसत, पण ओरडतही नसत. पहिल्याच वर्षी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले, तेव्हा युफेनने त्यांच्यापुढे एकतिसावे पान धरले होते. त्यांनी ते वाचले, मान हलवली आणि कागदावर बरोबरची खूण केली. अशा दहा खुणा झाल्या.

अकराव्या वर्षी युफेनची थोरली बहीण आली. तिचे नाव ग्वेचिन, वय एकाहत्तर, पाठ ताठ. आई गेली तेव्हा युफेन तीन वर्षांची होती आणि ग्वेचिन अठरा. सायकलींच्या कारखान्यात कामाला जाताना ती धाकटीला पाठीशी बांधून न्यायची. तिचे स्वतःचे लग्न त्यापायी फार उशिरा झाले. तिला आदर्श कामगार म्हणून बिल्ला मिळाला होता आणि तो तिने इकडे येतानाही कोटाला लावला होता. युफेनला तिकडे जाता येत नव्हते. तिच्या इथे राहण्याच्या कागदांचा निकाल वर्षानुवर्षे लागत नव्हता आणि देशाबाहेर पाऊल टाकले तर परत येऊ देतील याची खात्री नव्हती. भेटायचे तर ताईनेच यायचे. दोनदा नाकारून तिसऱ्यांदा तिला तीन महिन्यांचा पाहुणीचा व्हिसा मिळाला. सोळा वर्षांनी दोघी भेटल्या. पहिले दोन दिवस त्या एकमेकींच्या अंगावरच्या सुरकुत्या बघून रडत होत्या आणि मग ताटात कमी घेतले म्हणून भांडत होत्या.

युफेन भाड्याच्या एका खोलीत राहायची. ताईला दिवसभर तिथे एकटी कशी ठेवणार? ती तिला दुकानात घेऊन आली. नेमका त्या सोमवारी मास्तरांचा फेरा होता. ते टोपी घालून आत आले तर बाकावर थोरली ताई, तिच्या मांडीवर पंच्यांची चळत, आणि ती एकेक पंचा घडी घालून रचतेय. मास्तरांनी टोपीच काढली.

"युफेन," त्यांनी तिला माझ्याजवळ, दारापाशी ओढले आणि आवाज खाली आणला. "ताईंना दुकानात बसवू नकोस."

"सोळा वर्षांनी आलीय, मास्तर. खोलीत कोंडू तिला?"

"मग बसू दे. पण हात मांडीवर. पंच्याला हात लावायचा नाही."

"तुम्हीच सांगा तिला."

मास्तर वळले. ग्वेचिनने मान वर केली. "काय म्हणताय मास्तर?"

"काही नाही. ताई, थोडा आराम करा. हात मांडीवर ठेवून बसा निवांत."

"हात मांडीवर ठेवायला मी काय आजारी आहे?" ती म्हणाली. "पाहुणी म्हणून आयतं गिळायची सवय नाही मला. आमच्या कारखान्यात रिकामे हात म्हणजे चोराचे हात!"

मास्तर कसेनुसे हसले. एकोणीस दुकानांत ते एकेकाला प्रश्न विचारून घाम फोडायचे, पण आपल्याहून वडील बाईला उभे करून "तुम्ही इथे कोण? काय करता? उत्तर द्या" असे विचारणे त्यांच्याने होईना. त्या दिवशी खोटी तपासणी झालीच नाही. मास्तरांनी कोबीचे मोदक खाल्ले आणि ते गेले.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी दारावर टकटक झाली. खरी तपासणी दोन महिने लवकर आली होती. युफेन आतल्या खोलीत एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याच्या पाठीत कोपर रोवून उभी होती. तिचे हात तेलाने माखलेले होते.

"ताई, दार उघडू नकोस, मी येते!" ती आतून ओरडली.

"तू तुझं काम कर ग. मी आहे ना!" असे म्हणून ग्वेचिनने घडी अर्धी टाकली आणि मला मागे घेतले. आदल्याच दिवशी युफेनने माझ्यात तेलाचे दोन थेंब सोडले होते, त्यामुळे मी जराही अडले नाही. मी थोडी तरी अडले असते तर? मित्रांनो, हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. पण अडणे न अडणे कडीच्या हातात नसते.

ओर्तेगाबाईंनी आत येऊन आधी पंच्यांकडे बघितले, मग ग्वेचिनकडे. त्यांनी हातातला फोन पुढे केला. त्या इंग्रजीत बोलल्या की फोन चिनीत बोलायचा, मुलीच्या गोड आवाजात.

"नमस्कार आजी. तुम्ही इथे काम करता का?"

भाषांतरात काही चूक नव्हती. शब्द न् शब्द बरोबर होता. ग्वेचिनला प्रश्न नीट कळला, आणि तिने नीट विचार करून उत्तर दिले. सरकारी बाई दुकानात आलीय, दुकान रिकामे, बाकावर एक म्हातारी. "मी नुसती बसलेय" म्हटले तर ही बाई समजेल की माझ्या बहिणीचा धंदा बसलाय. बहिणीची शोभा होऊ द्यायची नाही, एवढेच तिच्या मनात होते.

"हो तर! रोज करते," ती बिल्ला चाचपून म्हणाली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. काम संपत नाही इतकी गर्दी. आणखी दोघी मुली आहेत कामाला, आज सुट्टीवर गेल्यात. माझी बहीण इथली मोठी मालकीण आहे!"

फोनने ते सगळे गोड आवाजात इंग्रजीत सांगितले.

युफेन हात पुसत बाहेर आली तोवर ओर्तेगाबाई लिहीत होत्या. युफेनचा चेहरा परवान्यावरच्या फोटोसारखा झाला. "ही माझी ताई. पाहुणी. मी एकटीच काम करते," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"त्या तसं म्हणाल्या नाहीत, बाई," ओर्तेगाबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी घडी घातलेल्या पंच्यांचा फोटो काढला. मग माझा काढला. जन्मात माझा तो एकच फोटो, आणि तो पुरावा म्हणून निघाला.

त्या गेल्यावर ग्वेचिन खुशीत होती. "बघितलंस? तोंड मिटून गेली बिचारी. अशी छाप पाडली ना मी तिच्यावर! माणसानं चारचौघांत आपलं मोठं सांगावं ग, नाहीतर कोण विचारतं?"

युफेनने अर्धी टाकलेली घडी उचलून पुरी केली. मग म्हणाली, "छान केलंस, ताई."

चार दिवसांनी नगरपालिकेचे पत्र आले. परवाना नसलेला कामगार, आणि तो असताना आतून बंद ठेवलेले दार. महिनाअखेर सुनावणी. युफेनने ताईला लसणाची पात आणायला दूरच्या दुकानात पाठवले आणि मास्तरांना बोलावले. मास्तर पत्र वाचून बाकावर बसले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "एकोणीस दुकानांची तपासणी घेणारा मी, आणि एका म्हातारीला प्रश्न विचारायला लाजलो."

"ते जाऊ द्या. आता काय करायचं?"

"दोन वाटा आहेत. पहिली, आपण सुनावणीला जायचं. ताईंना घेऊन. त्यांनी उभं राहून सांगायचं, मी खोटं बोलले, मी इथे काम करत नाही, दोघी मुली वगैरे सगळी थाप होती. चिकाटीनं भांडलो तर परवाना वाचेलही."

"आणि पंचे?"

मास्तरांनी पत्र पुन्हा उघडले. "पंचे घडी केले हे त्यांना कबूल करावं लागेल. ते त्यांनी काम मानलं, तर पाहुणीच्या व्हिसावर येऊन काम केलं, असं कागदावर चढेल. असे कागद पुढे कुठे जातात, कोण वाचतं, मी सांगू शकत नाही. पुढच्या वेळी ताईंना व्हिसा मिळेल की नाही, हेही नाही."

"दुसरी वाट?"

"परवाना आपणहून परत करायचा. दुकान बंद. मग सुनावणीच होत नाही, फाईल तिथेच मिटते, कुणाचं नाव कुठे जात नाही. तुझं मालिशचं प्रमाणपत्र राहील, दुसऱ्याकडे नोकरी करता येईल. पण या गावात पाच वर्षं स्वतःचं दुकान काढता येणार नाही. आणि युफेन, तू छप्पन्न वर्षांची आहेस. पाच वर्षांनी तुझ्या अंगठ्यांत काय जोर राहणार?" मास्तरांचा आवाज चढला. "तू पहिली वाट घे. ताईंना मी समजावतो. आता नाही लाजणार."

"काय समजावणार?" युफेन म्हणाली. "की तुझ्या एका वाक्यानं बहिणीचं दुकान बुडालं? मास्तर, तिनं मला पाठीवर बांधून वाढवलंय. कारखान्यात यंत्रापुढे उभी असायची आणि मी पाठीवर रडायची. तिला मी सरकारी खोलीत उभी करू, आणि परक्या लोकांसमोर 'मी खोटारडी आहे' म्हणायला लावू? ती घरी पोचायच्या आधी लाजेनं मरेल."

"अगं, सोळा वर्षांची मेहनत आहे ही."

"आणि त्रेपन्न वर्षांची तिची."

 मास्तरांनी बाडातून एक कोरा अर्ज काढला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवले.

अर्ज घ्यायला ओर्तेगाबाई स्वतः आल्या. युफेनने चौकट भिंतीवरून उतरवली, परवाना सोडवला आणि फडक्याने पुसून त्यांच्या हातात दिला. ओर्तेगाबाईंनी फोन पुढे केला. "तुम्ही सुनावणीला का येत नाही? तुमच्या दहा तपासण्या स्वच्छ आहेत. मी ते सांगितलं असतं." युफेनने नकाराची मान हलवली. बाई दारात थांबल्या. "मला त्या आजींचं नवल वाटतं," त्या म्हणाल्या. "त्या किती आनंदानं सांगत होत्या." मग त्या गेल्या. मला वाटते त्यांनाही वाईट वाटले असावे, पण त्यांच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

जागेच्या मालकाला दार पूर्वीसारखे हवे होते, म्हणून युफेनने मला उतरवले. लोखंडी स्क्रू गंजून घट्ट बसला होता, तो काढताना तिच्या तळहाताला जखम झाली. माझ्या जागी दारावर फिकट लाकडाचा एक पट्टा राहिला. तिने मला कोटाच्या खिशात टाकले. ताईला तिने सांगितले, की दुकानाचा करार संपला आणि मालकाने भाडे वाढवले.

ताई परत निघाली त्या दिवशी मी त्याच खिशात होते. विमानतळावर ग्वेचिनने धाकटीची कॉलर नीट केली आणि ती सगळ्यांसमोर तिला रागे भरू लागली.

"तू पहिल्यापासून मऊ. मालकानं डोळे वटारले की दिलं दुकान सोडून. कष्टाला कमी पडलीस, दुसरं काय! महिनाभर मी हातभार लावला तर कसं चाललं होतं? मी इथे राहिले असते ना, तर बंद पडू दिलं नसतं."

खिशात युफेनच्या बोटांनी मला घट्ट धरले. इतके घट्ट तिने मला कधीच धरले नव्हते, त्या चोराच्या भीतीच्या दिवसांतसुद्धा नाही.

"खरंय, ताई," ती म्हणाली. "तू राहिली असतीस तर चाललं असतं."

"पुढच्या वर्षी येते मी. नवीन दुकान बघून ठेव. पंचे मी घडी करीन."

"हो," युफेन म्हणाली, आणि ताई पाठ ताठ ठेवून रांगेत गेली. ती वळणावर दिसेनाशी झाली तरी युफेन हात हलवत होती.

त्याला आता दीड वर्ष झाले. युफेन पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात नोकरी करते. तिच्या अर्ध्या वयाची मालकीण तिला "ए, तीन नंबर" म्हणून हाक मारते. मास्तर आता अठरा दुकाने बघतात आणि दुकानात कुणी आजी बसलेली दिसली, की तिलाच पहिला प्रश्न विचारतात. मी युफेनच्या खोलीत चमच्यांच्या खणात पडून आहे. माझ्यावर हिरवट डाग चढले आहेत आणि मी आता सरकत नाही. तिने मला टाकूनही दिलेले नाही आणि बाहेरही काढलेले नाही.

दर रविवारी शेनयांगहून फोन येतो. ताईला पुन्हा व्हिसा मिळाला आहे, वसंतात ती येणार आहे. "नवीन दुकान कसं चाललंय?" ती दर वेळी विचारते. युफेन सांगते, की फार गर्दी असते, उसंत मिळत नाही, दोन मुली कामाला ठेवल्यात. खणातून मला सगळे ऐकू येते. ताई खूश होते आणि म्हणते, "मी सांगितलं नव्हतं का?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी आपल्याला जपा, तेल घाला, टाकून देऊ नका, असे सांगतात. मला तसे काही मागायचे नाही, मी गंजले तरी चालेल. माझी एकच विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी कधी शेनयांगला गेलात, आणि कोटाला बिल्ला लावलेली, ताठ पाठीची एक आजी तुम्हाला आपल्या बहिणीच्या मोठ्या दुकानाबद्दल सांगू लागली, तर नीट ऐकून घ्या. आश्चर्य दाखवा. आणि मी सांगितलेले तिला सांगू नका.